संगणकातलं हृदय : किती खरं, किती कामाचं?

हृदयाच्या तालाचे जे आजार रक्तातून, घराण्यातून येतात, ते ओळखायला संगणकावरचं सिम्युलेशन कितपत मदत करतं, हा आजचा विषय. वाडीत एका अंगाला आयुध निर्माणी, दुसऱ्या अंगाला अमरावती रोडवरची ट्रान्सपोर्टची गोदामं. इथे हा विषय कशाला, असं कुणाच्याही मनात येऊ शकतं. पण हे आजार गाव पाहून येत नाहीत. आणि ते ओळखण्याचं पहिलं साधन, म्हणजे ईसीजी, आता लहान दवाखान्यातही निघतो.

आम्ही या तंत्राची आरती ओवाळायला आलेलो नाही, आणि त्याला मोडीत काढायलाही नाही. पुस्तकाची समीक्षा करतात तशी आपण या मॉडेलची करू. ते काय म्हणतं, कशाच्या आधारावर म्हणतं, कुठे चपखल बसतं आणि कुठे ओढूनताणून बसवलंय, एवढंच पाहायचं.

आधी आजार समजून घेऊ

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याआधी विजेची एक लाट स्नायूतून जाते. पेशीच्या आवरणात अतिसूक्ष्म दारं असतात, त्यांना आयन चॅनेल म्हणतात. आधी सोडियमची दारं उघडतात, मग कॅल्शियमची, आणि शेवटी पोटॅशियम बाहेर पडून पेशी पुन्हा शांत होते. जवनिकेच्या, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या पेशीत हा सगळा खेळ साधारण सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात आटोपतो. ईसीजीवर त्याची लांबी क्यूटी या अंतरात दिसते.

यातलं एखादं दार जन्मतःच सदोष असलं, तर पेशी शांत व्हायला उशीर होतो. यालाच लाँग क्यूटी म्हणतात. मग कधीतरी एक अवेळी ठोका मध्येच घुसतो, ताल बिघडतो, हृदय नुसतं थरथरतं आणि मेंदूला रक्त पोचत नाही. माणूस कोसळतो. ताल आपोआप सावरला तर मिनिटभरात उठून बसतो, नाही सावरला तर मरतो. उठून बसलेल्याला लोक काय म्हणतात? फिट आली, मिरगी आहे, बाहेरचं काहीतरी आहे. मिरगीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालतात आणि ईसीजी मात्र कुणी काढत नाही.

हा आजार दुर्मीळ आहे, पण आपण समजतो तेवढा नाही. इटलीत ४४ हजारांहून जास्त नवजात बाळांचे ईसीजी काढले गेले. २००९ मध्ये त्याचा निष्कर्ष आला : दर २ हजारांत साधारण एक.

याचे मुख्य प्रकार तीन. केसीएनक्यू-१ या जनुकात दोष असेल तर धोका पळताना, पोहताना. केसीएनएच-२ मध्ये असेल तर अचानक आवाजाने, घड्याळाच्या गजराने, फोनच्या घंटीने. एससीएन-५ए मध्ये असेल तर झोपेत, विसाव्यात. औषधंही प्रकाराप्रमाणे बदलतात. म्हणून नुसतं 'लाँग क्यूटी आहे' म्हणून भागत नाही. कोणतं दार बिघडलंय आणि कसं, हे कळावं लागतं. सिम्युलेशनची गरज इथे सुरू होते.

हाताने फिरवायच्या यंत्रापासून

१९५२ मध्ये हॉजकिन आणि हक्सली या केंब्रिजच्या दोघांनी स्क्विड नावाच्या समुद्री प्राण्याच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून विजेच्या लाटेची समीकरणं मांडली. विद्यापीठाचा संगणक तेव्हा दुरुस्तीत होता, म्हणून हक्सलींनी हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर ती सोडवली. १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांचीच समीकरणं घेऊन लंडनमध्ये डेनिस नोबल या तरुण संशोधकाने १९६० मध्ये हृदयाच्या पेशीचं पहिलं मॉडेल केलं. फेरांटी मर्क्युरी हा संगणक त्याला पहाटे दोन ते चार एवढाच मिळायचा.

आता आमची पहिली टीका. नोबलच्या मॉडेलमधून निघालेली आकृती हृदयपेशीच्या आकृतीशी छान जुळली. पण त्यात कॅल्शियमचा प्रवाहच नव्हता, कारण तो तेव्हा सापडलेलाच नव्हता. कॅल्शियमचं काम मॉडेलमध्ये सोडियमकडूनच करून घेतलं गेलं, आणि तरीही आकृती जुळली! नोबलला याचा दोष देता येत नाही, त्याने हाताशी असलेल्या माहितीत कमालच केली. पण आपल्यासाठी धडा पक्का आहे. उत्तर जुळलं म्हणजे गणिताची रीत बरोबर होती, असं नाही. शाळेतल्या गणिताच्या बाई उत्तर बरोबर असूनही पायऱ्यांचे गुण का कापायच्या, ते इथे कळतं.

मॉडेल कुठे जिंकतं

आता बाजूने बोलू. १९९९ मध्ये कॉलीन क्लॅन्सी आणि योराम रूडी यांचा एक निबंध 'नेचर'मध्ये आला. एससीएन-५ए जनुकातल्या एका दोषात सोडियमच्या दारातली तीन अमिनो आम्लं गळून गेलेली असतात. असं दार बंद झाल्यावरही अधूनमधून उघडतं आणि सोडियम थोडाथोडा झिरपत राहतो. प्रयोगशाळेत मोजलेलं हे एका दाराचं वागणं त्यांनी पूर्ण पेशीच्या मॉडेलमध्ये घातलं. पेशी शांत व्हायला लागणारा वेळ वाढला, आणि ठोके मंद केले तेव्हा अवेळी उसळ्याही दिसल्या. या प्रकारचे रुग्ण झोपेत, ठोके मंद असताना का मरतात, याची साखळी पहिल्यांदा जनुकापासून पेशीपर्यंत सलग जोडली गेली.

त्याहून सुंदर उदाहरण २००२ चं. एका डच घराण्यात एकाच जनुकबदलातून दोन उलट आजार दिसत होते : लाँग क्यूटी आणि ब्रुगाडा. एकात सोडियम जास्त, दुसऱ्यात कमी. एकच दोष दोन्ही कसा करील? क्लॅन्सी आणि रूडी यांनी सिम्युलेशनने दाखवलं, की ठोके मंद असताना झिरप वरचढ ठरते आणि ठोके वाढले की तेच दार वेळेवर सावरत नाही म्हणून सोडियम कमी पडतो. नुसत्या डोक्याने हा हिशेब जमत नाही, कारण दहा-बारा प्रवाह एकाच वेळी एकमेकांवर परिणाम करत असतात. हे काम संगणकाचंच.

औषधांच्या बाबतीत तर मॉडेलने मोठीच मजल मारली आहे. टर्फेनाडिन हे ॲलर्जीचं आणि सिसाप्राइड हे पोटाचं औषध क्यूटी लांबवतं म्हणून बाजारातून गेलं. सिसाप्राइडवर भारतात २०११ मध्ये बंदी आली. २०११ मध्येच ओहारा आणि रूडी यांचं मानवी पेशीचं मॉडेल आलं, शंभराहून जास्त निरोगी मानवी हृदयांच्या मोजमापांवर बेतलेलं. पुढे औषधांच्या सुरक्षिततेसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने भाग घेतलेल्या उपक्रमात तेच पायाभूत धरलं गेलं. ऑक्सफर्डच्या गटाने २०१७ मध्ये ६२ औषधांवर अशी संगणकी चाचणी केली. कोणतं औषध ताल बिघडवेल हे ८९ टक्के वेळा बरोबर आलं, आधीच्या प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते ७५ टक्क्यांच्या आसपास होतं.

मग अडचण कुठे आहे?

अडचण अशी, की औषधाचा प्रश्न आणि निदानाचा प्रश्न एक नाही. औषधाबद्दल आपण विचारतो, 'हजार माणसांना दिलं तर धोका वाढेल का?' निदानात विचारतो, 'समोर बसलेल्या या पोरीला आजार आहे का?' पहिल्यात सरासरी चालते, दुसऱ्यात चालत नाही. ८९ टक्क्यांचा आकडा पहिल्या प्रश्नाचा आहे. तो दुसऱ्याच्या जाहिरातीत वापरणं म्हणजे तूरडाळीच्या भावावरून संत्र्याचा सौदा करणं.

दुसरी अडचण मॉडेलमध्ये जे भरतो त्याची. पोटॅशियमचं हे दार चार तुकड्यांचं बनतं. आईबापांपैकी एकाकडून चांगलं जनुक आलं, एकाकडून सदोष. सदोष तुकडा दारापर्यंत पोचतच नसेल, तर निम्मी दारं शाबूत राहतात, म्हणजे ५० टक्के. पण तो पोचून चांगल्या तुकड्यांत मिसळत असेल आणि एकच सदोष तुकडा अख्खं दार निकामी करत असेल, तर चारही तुकडे चांगले असण्याची शक्यता फक्त सोळात एक, म्हणजे साधारण ६ टक्के. जनुकाची चूक एकच, पण मॉडेलमध्ये ५० घालायचे की ६? उत्तर यावरच ठरतं, आणि ते संगणक सांगत नाही. ते प्रयोगशाळेत, त्या विशिष्ट जनुकबदलासाठी मोजावं लागतं. मोजलेलं नसेल, तर पडद्यावरची रंगीत लाट म्हणजे नुसता अंदाज.

तिसरी, मॉडेल्सचं आपसात पटत नाही. सिडनीच्या संशोधकांनी २०१६ मध्ये वेगवेगळ्या नावाजलेल्या मॉडेल्सना एकच दोष दिला, तर उत्तरं वेगवेगळी आली. खऱ्या लाँग क्यूटी रुग्णांच्या क्यूटीशी जुळवून घेतल्यावर ती एकमेकांच्या जवळ आली. हे चांगलंच झालं. पण मग एक प्रश्न उरतो. ज्या रुग्णांवरून मॉडेल जुळवलं, त्याच प्रकारच्या रुग्णांवर ते बरोबर ठरलं, यात परीक्षा कुठे झाली? जी गोष्ट त्याला आधी दाखवलेली नाही, ती त्याने सांगितली पाहिजे.

चौथी अडचण घराण्यांची. दक्षिण आफ्रिकेत केसीएनक्यू-१ मधला एकच दोष एका मूळ पूर्वजापासून अनेक कुटुंबांत उतरलेला आहे. त्यातले काही जण लहानपणीच कोसळले, काही जणांना आयुष्यभर काहीच झालं नाही. जनुकबदल एकच, नशिबं वेगळी, कारण बाकीची जनुकं, ठोक्यांचा वेग, मज्जासंस्था, सगळंच त्यात येतं. मॉडेल एक उत्तर देतं, घराणं वीस देतं. यावर उपाय म्हणून आता एका मॉडेलऐवजी थोड्याथोड्या फरकाची शेकडो मॉडेल्स चालवतात. दिशा बरोबर आहे. पण त्यातलं कोणतं मॉडेल म्हणजे आपला रुग्ण, हे अजून रुग्णालाच विचारावं लागतं.

अख्ख्या हृदयाचं सिम्युलेशनही होतं. जॉन्स हॉपकिन्सच्या नतालिया ट्रायानोवा यांच्या गटाने २०२३ मध्ये उजव्या जवनिकेच्या एका आनुवंशिक आजाराच्या रुग्णांची 'डिजिटल जुळी' हृदयं बनवली. त्यात एमआरआयवरून प्रत्येकाच्या हृदयाचा आकार आणि त्यातले व्रण घेतले, आणि जनुकानुसार पेशींचे गुणही बदलले. ताल कुठे बिघडतो ती जागा मॉडेलने चांगली दाखवली. काम वाखाणण्यासारखंच आहे. फक्त रुग्ण १६ होते, आणि त्यांना आजार आहे हे आधीच ठरलेलं होतं. म्हणजे मॉडेलने उपचाराची जागा शोधली, निदान केलं नाही.

आपल्या रक्ताचा हिशेब

जनुक तपासणीच्या अहवालात एक वाक्य वारंवार येतं : 'या बदलाचा अर्थ अनिश्चित.' कुटुंबाला याहून छळणारं वाक्य नाही. आजार आहे म्हणावं तर पुरावा नाही, नाही म्हणावं तर झोप नाही. हे वाक्य खोडून काढायला सिम्युलेशन मदत करील, अशी मोठी आशा आहे.

पण आधी आपली वही तपासली पाहिजे. ब्रुगाडासाठी २१ जनुकं जबाबदार मानली जात होती. २०१८ मध्ये पुरावे नव्याने तपासले, तर ठाम पुरावा फक्त एकाचा निघाला. लाँग क्यूटीसाठी १७ जनुकं होती. २०२० च्या फेरतपासणीत नेहमीच्या लाँग क्यूटीसाठी निर्विवाद उरली तीन, आणि ९ जनुकांचा पुरावा तोकडा किंवा वादग्रस्त ठरला. आता विचार करा. त्या नऊपैकी एखाद्या जनुकातला बदल मॉडेलमध्ये घातला, तर मॉडेल काही ना काही उत्तर देणारच. चुकीच्या माणसाला पकडून आणलं तरी चांगला वकील खटला उभा करतो, तसंच हे.

त्यात आपण भारतीय. अमेरिकेत कृष्णवर्णीय रुग्णांत कितीतरी निरुपद्रवी बदल हृदयस्नायूच्या आजाराचे म्हणून ठरवले गेले होते. तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी माणसांत कृष्णवर्णीय पुरेसे नव्हते, म्हणून ही चूक झाली. २०१६ मध्ये ती उघड झाली. उलट दिशेचं उदाहरण आपल्याकडचं आहे. एमवायबीपीसी-३ जनुकातले २५ अक्षरांचे गळून जाणे दक्षिण आशियातल्या साधारण ४ टक्के लोकांत आहे आणि ते हृदय निकामी होण्याशी जोडलेलं आहे, हे २००९ मध्ये समोर आलं. भारतीयांना तपासलं, म्हणूनच ते सापडलं. दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचणाऱ्या 'जीनोम इंडिया' प्रकल्पाचं मोल इथे आहे. आपल्यासाठी त्याची किंमत कोणत्याही महासंगणकापेक्षा कमी नाही.

महासंगणक आपल्याकडे नाहीत असं नाही. १९९१ चा परम ८००० पुण्यात बनला. तो घडवणारे विजय भटकर अकोला जिल्ह्यातले, नागपुरातल्या आजच्या व्हीएनआयटीत शिकलेले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राहुल पंडित आणि चेन्नईत सिताभ्र सिन्हा यांनी हृदयातल्या विजेच्या भोवऱ्यांवर केलेलं काम जगभर वाचलं जातं. पवईच्या आयआयटीत रोहित मनचंदा यांच्या प्रयोगशाळेने मूत्राशयासारख्या स्नायूंच्या विजेची मॉडेल्स केली. गणित आहे, यंत्रं आहेत. कमी आहेत ती आपल्या रुग्णांची नीट ठेवलेली कागदपत्रं : तीन पिढ्यांची वंशावळ, जुने ईसीजी, कोण कधी आणि काय करताना कोसळलं याच्या नोंदी. हे नसेल तर जगातलं सर्वोत्तम मॉडेलही उपाशीच राहणार.

पट्टी आणि पेन्सिल

आता सगळ्यात टोचणारी गोष्ट. २००५ मध्ये १२ देशांतल्या ९०२ डॉक्टरांना चार ईसीजी दिले गेले. यातला क्यूटी लांब आहे की नाही, हे सांगायचं होतं. या विषयातल्या मुरलेल्या तज्ज्ञांपैकी ९६ टक्के जणांनी चारही ईसीजी अचूक सांगितले. बाकीच्या हृदयरोगतज्ज्ञांत आणि इतर डॉक्टरांत चारही ईसीजी अचूक सांगणारे २५ टक्क्यांहून कमी.

ही मोजणी अवघड नाही. समजा क्यूटी ४०० मिलिसेकंद आहे. ठोके मिनिटाला ६० असतील, तर दुरुस्त क्यूटी ४०० च, अगदी ठीक. पण ठोके १०० असतील, तर दोन ठोक्यांतलं अंतर ०.६ सेकंद. त्याचं वर्गमूळ ०.७७५. ४०० ला त्याने भागा, आले ५१६. बॅझेटचं हे १९२० चं सूत्र वेगवान ठोक्यांत थोडं जास्तच दाखवतं, म्हणून अशा वेळी विसाव्यात पुन्हा ईसीजी काढायचा. पण ज्याने भागाकारच केला नाही, त्याला हा प्रश्नही पडणार नाही.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. २०१५ पासून जगभर चालणाऱ्या जनुकबदल वर्गीकरणाच्या नियमांत संगणकी भाकिताला पूरक पुराव्याचं, म्हणजे सर्वांत हलकं स्थान आहे, ते योग्यच आहे. पेशीचं सिम्युलेशन त्याहून वर जाऊ शकतं, पण अट अशी, की त्यातला दाराचा दोष प्रत्यक्ष मोजलेला हवा आणि मॉडेलने न पाहिलेल्या रुग्णांवर परीक्षा दिलेली हवी. तोवर ते साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. नाहीतर काय होईल? एखाद्या निरोगी मुलाच्या छातीत शॉकचं यंत्र बसेल, मुलीचं लग्न मोडेल, ड्रायव्हरची नोकरी जाईल. किंवा उलट, मॉडेलने 'ठीक आहे' म्हटलं म्हणून घरचे निर्धास्त होतील. जनुकदोष असलेल्यांपैकी जवळजवळ चौथाई लोकांचा विसाव्यातला क्यूटी साधारणच दिसतो, हे विसरू नका.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*आता एआय ईसीजी वाचतं म्हणतात. मग सिम्युलेशन कशाला?*

दोन्ही वेगळे आहेत. एआय लाखो ईसीजी पाहून सारखेपणा ओळखतं, पण कारण सांगत नाही. सिम्युलेशनला कारण ठाऊक असतं, म्हणून त्याला 'असं केलं तर काय होईल' हे विचारता येतं. आपल्याच भागाचं उदाहरण घ्या. मे महिन्यात पारा ४५ वर गेला, उलट्या-जुलाब झाले, रक्तातलं पोटॅशियम उतरलं. पोटॅशियम उतरलं की क्यूटी लांबतो. त्यात मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय उलटीची किंवा अँटिबायोटिकची गोळी आणली. ऑन्डॅन्सेट्रॉन, ॲझिथ्रोमायसिन हीसुद्धा क्यूटी लांबवतात. आधीच दार अधू असलेल्या माणसात हे तिन्ही एकत्र आले तर काय होईल, हा प्रयोग माणसावर करता येत नाही. मॉडेलवर करता येतो. आमच्या मते सिम्युलेशनचा आजचा सर्वांत प्रामाणिक उपयोग हाच आहे.

*आमच्या घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर आम्ही काय करावं?*

तीन पिढ्या कागदावर मांडा. कोण गेलं, किती वयात, काय करताना. पोहताना बुडून गेलेला, झोपेत गेलेला, मिरगीच्या गोळ्या खाणारा, सगळे लिहा. मग जवळच्या प्रत्येक नातेवाइकाचा ईसीजी काढा आणि तो कागद घेऊन हृदयरोगतज्ज्ञाकडे जा. पळताना, दचकून किंवा रडता रडता शुद्ध हरपली असेल, तर ती नुसती फिट मानू नका. घरात जन्मतः बहिरं मूल असेल, तर त्याचा ईसीजी एकदा तरी व्हायलाच हवा. १९५७ मध्ये नॉर्वेच्या एका कुटुंबात सहा भावंडांपैकी चार जण बहिरे होते आणि बेशुद्ध पडायचे. त्यातली तिघं ४, ५ आणि ९ वर्षांची असताना गेली. हा प्रकार आई-वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलं तरच होतो, आणि नात्यात लग्न झालं की ती शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्नाची रीत आपल्याकडे अनेक समाजांत आहे. नागपूरच्या प्रत्येक मूकबधिर शाळेत सगळ्या मुलांचा एकेक ईसीजी काढायला महासंगणक लागत नाही. एक यंत्र, एक तंत्रज्ञ, क्यूटी मोजायला पट्टी घेऊन बसणारा एक डॉक्टर आणि एक आठवडा पुरतो. इथे कुणी शाळेशी संबंधित असेल, तर व्याख्यान संपल्यावर आम्हाला भेटा.